क्रिएटिनिन सारखंच, मग तपासण्या फक्त पत्नीलाच का?

वाचकांचे प्रश्न, किडनीतज्ज्ञांची उत्तरं

किडनीच्या आजारात स्त्री आणि पुरुष यांच्यात काय फरक पडतो, याबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रांसोबतच्या रिपोर्टमधले गरजेपुरतेच आकडे दिले आहेत.

प्रश्न: मी आणि माझी पत्नी दोघंही ५५ वर्षांचे. वार्षिक तपासणीत दोघांचंही क्रिएटिनिन १.२ आलं. लॅबच्या कागदावर ‘०.६ ते १.३’ अशी एकच मर्यादा छापली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. फॅमिली डॉक्टरांनी मात्र पुढच्या तपासण्या फक्त पत्नीला लिहून दिल्या. असं का? (वाचक, सातारा)

डॉक्टरांचं बरोबर आहे, चूक त्या छापील मर्यादेची आहे. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये रोज तयार होतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. रक्तातली पातळी त्यामुळे दोन गोष्टींवर ठरते: तयार किती होतं आणि बाहेर किती जातं. बाईच्या अंगात स्नायू सरासरीने कमी असतात, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. तरीही रक्तात ते १.२ सापडत असेल, तर ते बाहेर पडण्यात कुठेतरी कमतरता आहे.

म्हणूनच नुसतं क्रिएटिनिन न वाचता ईजीएफआर बघायचा. दोन्ही किडन्या मिनिटाला किती मिलिलीटर गाळतात, याचा तो अंदाज असतो. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात तुमचं वय, लिंग आणि १.२ हा आकडा घातला, तर तुमचा ईजीएफआर सुमारे ७१ येतो आणि पत्नीचा सुमारे ५३. लघवीत प्रथिनं जात नसतील आणि सोनोग्राफी ठीक असेल, तर ७१ला आजार म्हणत नाहीत. ६०च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला, तर मात्र तो दीर्घकालीन किडनीविकार. ४५ ते ५९ ही त्यातली ‘३-अ’ पायरी.

एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. दोन आठवड्यांत एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आदल्या रात्री मटण-चिकनचं भरपेट जेवण नको, कारण शिजवलेल्या मांसामुळे क्रिएटिनिन काही तास वाढतं. आदल्या दिवशी जड व्यायामही नको. कोट्रायमॉक्साझोलसारखं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. त्यातल्या ट्रायमेथोप्रिममुळे किडनीला धक्का न लागताही आकडा वर जातो. जिममधली क्रिएटिन पावडर हेच करते. सोबत लघवीची साधी तपासणी, एसीआर (लघवीतून प्रथिनं किती जातात याची तपासणी), बीपी, शुगर आणि सोनोग्राफी हवी. एवढं करूनही ईजीएफआर ४५ ते ५९मध्येच राहिला आणि लघवी स्वच्छ असली, तर सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करून घ्यावी. तिचा स्नायूंशी फारसा संबंध नसतो. मात्र थायरॉइडचा आजार, स्टेरॉइड, लठ्ठपणा आणि धूम्रपान यांनी तीही हलते, म्हणून हा इतिहास आधी सांगायचा.

याच्या उलटी चूक आम्हाला जास्त काळजीची वाटते, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही. ७२ वर्षांची, ४२ किलो वजनाची, १४८ सेंटिमीटर उंचीची शाकाहारी बाई घ्या. क्रिएटिनिन ०.८, म्हणजे लॅबच्या लेखी उत्तम. ईजीएफआर ७८ येतो. पण हा ७८ आहे शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाला. या बाईंचं शरीर भरतं जेमतेम १.३१ चौरस मीटर. त्या हिशोबाने प्रत्यक्ष गाळणं ५९वर येतं. बऱ्याच औषधांचे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचे डोस ठरवायला कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट हे जुनं सूत्र वापरतात. त्यात बायकांसाठी उत्तराला ०.८५ने गुणतात. त्याने उत्तर येतं ४२. शिवाय स्नायू झिजलेल्या आणि आहारात प्रथिनं कमी असलेल्या माणसात क्रिएटिनिन फसवं असतं, म्हणजे खरं गाळणं त्याहूनही कमी असू शकतं. घरातल्या बारीक, वयस्क बाईला हार्ट, फिट्स किंवा नसांच्या दुखण्यासाठी नवं औषध सुरू होत असेल, तर ‘डोस वजन आणि किडनी बघून ठरवलाय ना?’ असं विचारायला संकोच करू नका.

प्रश्न: मला डायबेटिस आहे, वय ४४. लघवीतला एसीआर ४२ आला. तेव्हा पाळीचा शेवटचा दिवस होता. रिपोर्ट खरा धरायचा का? (वाचक, नाशिक)

धरू नका. पाळीच्या रक्तातली प्रथिनं नमुन्यात मिसळतात. पाळी संपल्यावर तीन-चार दिवस जाऊ द्या, मग पुन्हा द्या. अंगावरून पांढरं जात असेल, लघवीला जळजळ असेल, ताप असेल किंवा आदल्या दिवशी खूप धावपळ झाली असेल, तरी आकडा चढतो.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा घ्या. आधी जागा साध्या पाण्याने धुवा, पुढून मागे पुसा, पहिली धार सोडून द्या आणि मधली धार थेट बाटलीत धरा. तीन महिन्यांत तीन नमुने दिले आणि त्यातल्या दोनांत एसीआर ३०च्या वर आला, तर तो खरा. ३० ते ३०० मधली गळती औषधांनी बरीच कमी करता येते, ३००च्या वर गेल्यास किडनीतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नये.

इथेही स्त्री-पुरुष फरक आहे. एसीआर म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन भागिले लघवीतलं क्रिएटिनिन. दिवसाला ३० मिलिग्रॅम अल्ब्युमिन जाणारा पुरुष दीड ग्रॅम क्रिएटिनिन टाकत असेल, तर त्याचा एसीआर २०. तेवढंच अल्ब्युमिन जाणारी बाई एक ग्रॅम टाकत असेल, तर तिचा ३०. म्हणून पूर्वी मर्यादाही वेगळ्या होत्या, पुरुषांना १७ आणि बायकांना २५. आता सोयीसाठी दोघांनाही ३० धरतात. त्यामुळे धिप्पाड पुरुषाचा २२ ते २८ आला असेल, तर आम्ही तो ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला टाकत नाही. तपासणी वर्षाने न करता सहा महिन्यांनी करायला सांगतो.

प्रश्न: डायलिसिस सेंटरमध्ये बहुतेक पुरुषच दिसतात. म्हणजे हा आजार पुरुषांना जास्त होतो ना? (वाचक, सोलापूर)

नाही. जगभरातल्या पाहण्यांमध्ये दीर्घकालीन किडनीविकार बायकांमध्ये थोडा जास्तच आढळतो, डायलिसिसला सुरुवात करणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. या विसंगतीकडे लक्ष वेधण्यासाठीच २०१८च्या जागतिक किडनी दिनाचा विषय ‘किडनी आणि स्त्रियांचं आरोग्य’ होता. त्या वर्षी तो दिवस नेमका ८ मार्चला आला होता.

कारणं एकाच जातीची नाहीत. बायका जास्त जगतात आणि वयाबरोबर ईजीएफआर उतरतो, म्हणून ‘३-अ’च्या पायरीवर वयस्क बायकांची गर्दी होते. त्यातल्या अनेकींचा आजार पुढे सरकतही नाही. पुरुषांमध्ये आजार सरासरीने वेगात वाढतो. त्यांच्यात बीपी, तंबाखू आणि लघवीतून जाणारी प्रथिनं हे सगळंच जास्त. प्राण्यांवरच्या प्रयोगांत इस्ट्रोजेन किडनीतली जखम आणि तंतुमयता रोखताना दिसतं. पाळी थांबल्यावर हे कवच पातळ होतं, असं मानायला आधार आहे.

पण हार्मोनवर सगळं ढकलणं आम्हाला पटत नाही. सेंटरमध्ये दिसतात ते उपचारापर्यंत पोचलेले लोक. आठवड्यातून दोन-तीन दिवस चार-चार तास, सोबत कोणीतरी, जाण्या-येण्याचा खर्च, बुडणारी मजुरी या सगळ्यात ‘माझं राहू द्या’ म्हणणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं आणि जिल्हा रुग्णालयांत प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची केंद्रं आहेत. हे घरातल्या पुरुषांनी बाईच्या वतीने विचारायला जावं.

काही आजारांची ओढ मात्र ठरलेली असते. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार, दहापैकी नऊ वेळा बाईला होतो, तोही ऐन तरुणपणी. सांधे दुखणं, केस गळणं, गालांवर लाली यांबरोबर पायांवर सूज किंवा फेसाळ लघवी दिसली, तर लघवी त्याच दिवशी तपासा. पुरुषाला ल्युपस क्वचित होतो, पण झाला तर किडनी गुंतण्याची शक्यता त्याच्यात जास्त. तिशी-चाळिशीच्या बाईचं बीपी एकाएकी खूप वाढलं, तर किडनीच्या धमनीचा फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया (धमनी जागोजागी अरुंद होण्याचा आजार) आठवावा, याचे दहातले नऊ रुग्ण बायका. मेम्ब्रेनस नेफ्रोपथी हा किडनीच्या चाळणीतून प्रथिनं गळण्याचा आजार पुरुषांत साधारण दुप्पट. मुतखडाही पुरुषांत जास्त, पण हे अंतर आता कमी होत चाललं आहे, आणि जंतुसंसर्गामुळे होणारा स्ट्रुव्हाइट खडा बायकांतच जास्त सापडतो.

प्रश्न: वय ५८. वर्षात चौथ्यांदा लघवीला जळजळ. दर वेळी पाच दिवसांच्या गोळ्या देतात. यजमानांना एकदाच हा त्रास झाला, तर लगेच सोनोग्राफी आणि प्रोस्टेटची तपासणी लिहिली! मला का नाही? (वाचक, कोल्हापूर)

तुमचा राग रास्त आहे, पण यजमानांच्या डॉक्टरांनीही योग्यच केलं. बाईचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर, पुरुषाचा सुमारे २०. जंतूंना बाईच्या मूत्राशयात शिरायला वेगळं कारण लागत नाही, निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतोच. पुरुषात तो झाला, की वाटेत कुठे अडथळा आहे हे शोधावं लागतं: प्रोस्टेट, खडा, मूत्राशयात साचणारी लघवी. त्याला औषधही किमान सात दिवस लागतं. नायट्रोफ्युरँटॉइन बाईच्या साध्या संसर्गात उत्तम, पण ते प्रोस्टेटमध्ये पुरेसं उतरत नाही. म्हणून घरातल्या बाईच्या उरलेल्या गोळ्या पुरुषाने घेऊ नयेत.

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन संसर्ग झाले, की त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. तुम्ही त्यात बसता, तेव्हा पुढचं सगळं मागून घ्या. पुढच्या वेळी पहिली गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) द्या. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या बाटलीत जंतू वाढतात आणि खोटा रिपोर्ट येतो. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते मोजायला सांगा. अंग बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. शुगर तपासा.

पाळी गेल्यावर योनीची त्वचा पातळ होते, तिथले उपयोगी जंतू कमी होतात आणि आतड्यातल्या जंतूंना जागा मिळते. यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम चांगलं काम करतं: पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. बायका महिन्याभरात सोडून देतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणतात, गडबड होते ती इथे. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर आधी त्या डॉक्टरांना विचारा. पाणी कमी पिणाऱ्या बायकांनी रोजच्या पाण्यात दीड लिटरची भर घातली, तर संसर्ग कमी होतात हे सिद्ध झालं आहे. अर्थात हार्ट किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन असेल, त्यांनी हे करू नये. स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या शिक्षिका, कंडक्टर, ऊसतोड करणाऱ्या बायका यांना हा सल्ला देताना आम्हालाच ओशाळायला होतं. तिथे औषधापेक्षा दार लागणारा संडास जास्त कामाचा.

त्रास काही नाही, पण कल्चरमध्ये जंतू आले, तर गरोदर नसलेल्या बाईला अँटिबायोटिक नको. गरोदरपणात मात्र द्यावंच लागतं. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या ही संसर्ग किडनीपर्यंत गेल्याची खूण. तेव्हा घरी थांबू नका.

प्रश्न: माझ्या मुलीला (वय २९) सातव्या महिन्यात बीपी आणि लघवीत प्रथिनं सुरू झाली, चौतिसाव्या आठवड्यात सिझर करावं लागलं. आता बाळ चार महिन्यांचं आहे आणि तिला काही त्रास नाही. ‘बाळंतपणाबरोबर गेलं’ असं सगळे म्हणतात. (वाचक, अमरावती)

बीपी गेलं असेल, धोका पूर्ण गेलेला नाही. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रथिनं जाणं, होऊन गेलेल्या बाईला पुढे किडनी निकामी होण्याची शक्यता इतर बायकांच्या चार-पाच पट असते. मूळ शक्यता फार लहान असल्याने घाबरण्याचं कारण नाही, पण तपासणी सोडू नये. बाळंतपणानंतर तीन महिने झाले आहेत, तेव्हा आताच बीपी, क्रिएटिनिन आणि एसीआर करा. प्रथिनं अजून जात असतील, तर मूळचाच किडनीविकार गरोदरपणात उघड झाला असण्याची शक्यता धरून किडनीतज्ज्ञाला दाखवा. सगळं स्वच्छ असेल, तर दरवर्षी बीपी आणि एसीआर. ही नोंद फाईलमध्ये ठळक लिहून ठेवा. पन्नाशीत बीपी वाढल्यावर ‘गरोदरपणात काय झालं होतं?’ हे फार थोडे डॉक्टर विचारतात.

पुढचं मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी डोसचं अ‍ॅस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून, उशिरात उशिरा सोळाव्याच्या आत सुरू करतात. त्यानंतर फायदा घटतो. बीपीसाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा चालतात. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या गटातली औषधं गर्भाच्या किडनीला घातक, दिवस राहण्याआधीच ती बदलून घ्यावीत.

आणखी एक. गरोदरपणात किडनीचं गाळणं जवळजवळ निम्म्याने वाढतं, म्हणून क्रिएटिनिन ०.४ ते ०.६पर्यंत उतरायला हवं. गरोदर बाईचं ०.९ हे ‘नॉर्मल’ नसतं, लॅबने त्यापुढे चांदणी छापलेली नसली तरी. ईजीएफआरची सूत्रं गरोदरपणात वापरूच नयेत.

प्रश्न: माझ्या पतीला किडनी हवी आहे, द्यायला मी तयार आहे. नणंदेच्या बाबतीत मात्र उलटं झालं. तिच्या नवऱ्याचा रक्तगट जुळूनही ‘क्रॉसमॅच पॉझिटिव्ह’ म्हणून नाकारलं. हे काय असतं? (वाचक, पुणे)

गरोदरपणात बाळामार्फत बाईच्या रक्ताची ओळख नवऱ्याच्या पेशींवरच्या खुणांशी होते आणि काहींच्या शरीरात त्याविरुद्ध अँटिबॉडी बनतात. त्या वर्षानुवर्षं टिकू शकतात. पुढे नवऱ्याची किंवा मुलाची किडनी बसवली, तर त्या तिच्यावर तुटून पडतात. म्हणून नवऱ्याला बायकोची किडनी चालते आणि बायकोला नवऱ्याची चालत नाही, असं होतं. सीडीसी क्रॉसमॅच, फ्लो क्रॉसमॅच आणि डीएसए या तपासण्या हेच शोधतात. रक्त चढवल्यानेही अशा अँटिबॉडी वाढतात, म्हणून नणंदबाईंचं हिमोग्लोबिन शक्यतो लोह आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी सांभाळावं, सारख्या रक्ताच्या पिशव्या नकोत. त्यांना दोन वाटा आहेत. दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करायची स्वॅप पद्धत, ती कायद्याने मान्य आहे. आणि मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नोंदणी, ती रुग्णालयामार्फत विभागीय समितीकडे म्हणजे झेडटीसीसीकडे होते. नोंदणी आजच करावी, स्वॅप जुळेपर्यंत थांबू नये.

आता तुमचं. दात्याचं बीपी, शुगर, एसीआर, डीटीपीए स्कॅनवर प्रत्येक किडनीचं वेगळं काम, सीटी अँजिओग्राफी, बायकांसाठी पॅप स्मिअर आणि वयानुसार मॅमोग्राफी हे सगळं व्हायला हवं. एक किडनी काढल्यावर उरलेली कामाला लागते आणि एकूण क्षमता आधीच्या साधारण ६५ ते ७० टक्क्यांवर स्थिरावते. क्रिएटिनिन ०.७चं १.०-१.१ होईल, त्याने घाबरू नका, पण दरवर्षी तपासा. मूल व्हायचं बाकी असेल तर हे आधी बोला: किडनी दिल्यानंतरच्या गरोदरपणात बीपी किंवा प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण एका मोठ्या कॅनेडियन अभ्यासात ११ टक्के होतं, न दिलेल्या तशाच निरोगी बायकांत ५ टक्के.

तुम्ही ‘तयार आहे’ लिहिलंत, ते तुमचंच आहे असं धरतो. पण देशात जिवंत दात्यांमध्ये बायका सुमारे दोन तृतीयांश आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष सुमारे ७० टक्के, हे चित्र नुसत्या मायेतून तयार होत नाही. म्हणून नियमच असा आहे, की दाता बाई असेल तर तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाकडून पडताळायची. समितीपुढच्या मुलाखतीत मनात काही असेल तर सांगा. नकार द्यायचा झाला, तर कुटुंबाला फक्त ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढंच कळवा, अशी विनंती तुम्ही डॉक्टरांना करू शकता.

थोडक्यात

आईच्या हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी यांची केलेली जोडणी) दोनदा बंद पडला. (वाचक, लातूर) बायकांच्या शिरा बारीक, त्यामुळे हे त्यांच्यात जास्त घडतं. पुन्हा करण्याआधी डॉपलरने शीर आणि धमनी मोजून घ्या. दोन्ही २ मिलिमीटरहून बारीक असतील, तर मनगटाऐवजी कोपराजवळ करावा लागतो. सहा आठवड्यांनी शीर ६ मिलिमीटर रुंद, त्वचेखाली ६ मिलिमीटरच्या आत आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलीटर असावा. त्या हातात बांगड्या, घट्ट बाहीचा ब्लाऊज, बीपीचा पट्टा, सलाइन काहीही नको. हिरवा चुडा दुसऱ्या हातात भरा. फिस्टुलाची थरथर रोज सकाळी बोटांनी बघा, थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डापाग्लिफ्लोझिन सुरू केल्यापासून मला खाज येते, भावाला याच गोळीने काही होत नाही. (वाचक, ठाणे) या गोळीने लघवीतून साखर जात असल्याने बुरशी वाढते. बायकांत हे पुरुषांच्या कितीतरी पट जास्त. क्रीमने बरं होतं. किडनीला फायदा मोठा आहे, त्यामुळे गोळी स्वतःहून सोडू नका. लघवीनंतर जागा पाण्याने धुऊन कोरडी ठेवा. उलट्या-जुलाब किंवा उपवास असताना मात्र गोळी थांबवावी, ऑपरेशनच्या तीन दिवस आधीही.

वडील ६७ वर्षांचे, धार बारीक झाली आहे. ‘वयाचं आहे’ म्हणतात. (वाचक, रत्नागिरी) क्रिएटिनिन आणि लघवीनंतरची सोनोग्राफी करा. ३०० मिलिलीटरहून जास्त लघवी साचून दोन्ही किडन्या फुगल्या असतील, तर दुखत नसलं तरी किडनी बिघडत असते. वेळीच कॅथेटर घातल्यास ती बरीचशी सुधारते. पहिल्या दिवसात लघवी लिटरच्या लिटर होते, म्हणून कॅथेटर घातल्यावर रुग्णालयात राहावं. सर्दीच्या स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या त्यांना देऊ नका, लघवी पूर्ण अडू शकते. बायकांत अशीच अडवणूक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होते.

पाळीत मेफेनॅमिक अ‍ॅसिड घेतल्याने किडनी जाते का? (वाचक, मडगाव) किडनी निरोगी असताना महिन्यातले दोन-तीन दिवस, जेवणानंतर, पुरेसं पाणी पिऊन घेतल्यास नाही. धोका आहे तो गुडघ्यासाठी महिनोन्‌महिने रोज खाल्ल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकचा. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल, तर एका जुलाबाच्या दिवसात किडनी बंद पडू शकते. अशांनी दुखण्याला पॅरासिटामॉल घ्यावं, आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्यास बीपीच्या या दोन गोळ्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावं.